तो दोर कुणी वळला?

आमच्या धर्मग्रामातील तरुणांनी सभागृहात ‘बेल एपोक’ हा स्पॅनिश चित्रपट दाखवला आणि तेव्हापासून माझ्या कार्यालयाच्या पायऱ्या दोन प्रकारच्या माणसांनी झिजवल्या. एका प्रकारची माणसे म्हणाली, “फादर, चार बहिणी आणि एक पुरुष! असला चित्रपट चर्चच्या आवारात? तुमचे लक्ष कुठे होते?” दुसऱ्या प्रकारची माणसे शिकलीसवरलेली. ती काहीशा वडीलकीच्या सुरात म्हणाली, “फादर, ऑस्कर मिळालेला निर्मळ विनोदी चित्रपट आहे. आपल्या कॅथलिक मंडळींना हसण्याचे एवढे वावडे का?” दोघांनाही पायरीवर उभ्याउभ्या उत्तर देणे मला जमले नाही. म्हणून या त्रैमासिकाच्या पानांवर एकदाच काय ते भांडून घ्यावे असे ठरवले.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. दिग्दर्शक फर्नांदो ट्रुएबा, पटकथा राफाएल आस्कोना यांची, साल १९९२. काळ मात्र १९३१ चा. हाका येथील सैनिकी बंड फसल्यानंतर फर्नांदो नावाचा तरुण सैनिक सैन्यातून पळून आडगावी येतो. हा एकेकाळी सेमिनरीत शिकलेला, स्वयंपाकात निपुण, चेहऱ्याने भाबडा. मानोलो नावाचा वृद्ध चित्रकार त्याला आसरा देतो. मानोलोच्या चार मुली माद्रिदहून येतात आणि एकीमागून एक त्याला आपल्या जाळ्यात ओढतात. शेवटी धाकटी लूस त्याची बायको होते आणि दोघे अमेरिकेच्या वाटेला लागतात. दरम्यान राजा जातो, प्रजासत्ताक येते, सगळीकडे सुगी, ऊन, द्राक्षारस. चित्रीकरण पोर्तुगालमध्ये झाले, पण ऊन स्पेनचेच वाटते. चित्रपटाला स्पेनचे नऊ गोया पुरस्कार मिळाले आणि १९९४ साली परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर. ते स्वीकारताना ट्रुएबा म्हणाले की, आभार मानायला देवावर विश्वास असता तर बरे झाले असते, पण आपला विश्वास फक्त बिली वाइल्डर या दिग्दर्शकावर आहे. दुसऱ्या दिवशी वाइल्डरने फोन करून “देव बोलतोय” असे सांगितले, ही गोष्ट ट्रुएबाच सांगतात. ती वाचून मीही खळखळून हसलो. तेव्हा हसण्याचे वावडे मला नाही, एवढे दुसऱ्या पक्षाने नोंदवून घ्यावे.

आता पहिल्या पक्षाकडे वळतो. चार बहिणींच्या प्रकरणाविषयी त्यांची तक्रार खोटी नाही. विवाहाच्या संस्काराविषयी ख्रिस्तसभा जे शिकवते त्याची या चित्रपटात थट्टाच आहे. पण ती थट्टा फार बालिश आहे. मिठाईचे ताट पंगतीत फिरावे तसा एक तरुण बहिणीबहिणींत फिरतो, आणि कुणाचेही काही बिघडत नाही. लूसने दोन अश्रू ढाळले की सगळे पुन्हा जेवायला बसतात. (चार भाऊ आणि एक आश्रित तरुणी अशी अदलाबदल केली असती तर ‘निर्मळ विनोद’ म्हणणारे किती जण हसले असते, हा प्रश्न मी एका गृहस्थांना विचारला. त्यांनी चहा मागवला.) ज्या जगात देहाला परिणाम नाहीत, ते जग आमच्या मुलांना खरे वाटत नाही. त्यांनी घराघरांत परिणाम पाहिलेले आहेत. त्यामुळे या भागाने आमची मुले बिघडतील अशी धास्ती मला नाही.

आणि बंदीचे म्हणाल तर स्पेनने तो प्रयोग करून पाहिला आहे. लुईस बुन्युएल यांच्या ‘विरिदियाना’ला १९६१ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले, व्हॅटिकनच्या दैनिकाने त्याचा निषेध केला आणि फ्रँकोच्या सरकारने आपल्याच देशाच्या त्या चित्रपटावर बंदी घातली. फ्रँको १९७५ साली वारला, चित्रपट १९७७ मध्ये स्पेनच्या पडद्यावर आला. मधल्या सोळा वर्षांत काय साधले? ट्रुएबांचा जन्म १९५५ चा. म्हणजे त्यांची संपूर्ण शाळा त्या राजवटीत झाली, जिथे धर्मशिक्षण आणि सरकारी शिक्का एकाच मेजावर असत. देवावर विश्वास नसल्याचे जगापुढे हसत सांगणारा हा माणूस त्या मेजासमोर वाढलेल्या पिढीचा आहे. बंदी मागणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडून पाहावा.

माझे भांडण आहे ते शेवटाशी, आणि ते दुसऱ्या पक्षाशी आहे.

चित्रपटात दोन लुईस नावाचा एक धर्मगुरू आहे. ‘दोन’ हा तिकडचा आदरार्थी उपपद. खवय्या, पत्त्यांचा शौकीन, नास्तिक मानोलोचा जिवलग आणि मिगेल दे उनामुनो या तत्त्वचिंतक लेखकाचा भक्त. आगुस्तीन गोन्सालेस या नटाने तो इतका जिवंत केला आहे की अशा फादरांच्या हाताखाली एखादे वर्ष काढायला मला आवडले असते. शेवटी लग्नाची मंडळी चर्चमध्ये येते आणि पाहते तो दोन लुईसने गळफास घेतलेला, हातात उनामुनोचा ‘जीवनाची शोकात्म जाणीव’ हा ग्रंथ. क्षणभर सगळे स्तब्ध. मग कथा पुढे सरकते आणि सामानसुमान बांधले जाते.

मी त्या संध्याकाळी उशिरा पोहोचलो होतो आणि सभागृहाच्या मागच्या दाराशी उभा होतो. हे दृश्य आले आणि मुले हसली. दोष त्यांचा नव्हे. दीड तास ज्या सुरात चित्रपट चालला होता त्याच सुरात हेही आले, म्हणून ती हसली. हसणाऱ्यांत माझ्या मिस्सेला सेवा करणारे दोघे होते. त्या रात्री मला झोप आली नाही.

चित्रपटाचे चाहते यावर जे उत्तर देतात ते मला ठाऊक आहे आणि ते पोकळ नाही. ते म्हणतात, चित्रपटाची सुरुवातही मृत्यूनेच होते. सासरा-जावई असलेले दोन शिपाई फर्नांदोला पकडतात, आपसात भांडतात, त्यांतला एक दुसऱ्याचा जीव घेतो आणि मग स्वतःचा. घरातल्या घरात झालेला हा खून म्हणजे १९३६ च्या यादवीची पूर्वसूचना, आणि शेवटचा गळफास ही दुसरी सूचना. सुखाच्या त्या काही महिन्यांना दोन्ही बाजूंनी मरणाची चौकट आहे. ‘सुंदर काळ’ हे नावच उपरोधिक आहे. फर्नांदो फर्नान गोमेससारख्या थोर नटाचा मानोलो अखेरीस एकटाच घराकडे परततो, त्यात ही सारी खिन्नता आहे. हे सगळे मला मान्य. आस्कोना हे काळ्या विनोदाचे उस्ताद होते. त्यांनी ती चौकट अजाणता बसवलेली नाही.

पण मग याच चौकटीचा मी हिशोब मागतो. पूर्वसूचना म्हणता, तर ती कशाची?

प्रजासत्ताकाची घोषणा १४ एप्रिल १९३१ रोजी झाली. सत्तावीस दिवसांनी, ११ मे रोजी, माद्रिदमध्ये येशूसंघीयांचे निवासस्थान जळत होते. आग मालागापर्यंत आणि इतर शहरांत पसरली, सुमारे शंभर धार्मिक वास्तू जळाल्या वा लुटल्या गेल्या, आणि नव्या सरकारने पहिल्या तासांत हात आवरून धरला. जानेवारी १९३२ मध्ये हुकूम काढून येशूसंघ स्पेनमध्ये विसर्जित करण्यात आला. आपल्या मुंबईत त्या वेळी फादर हेन्री हेरास सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास शिकवत होते. १९२२ साली स्पेनहून आलेला हा येशूसंघीय भारताच्या इतिहासाची साधने गोळा करीत होता आणि त्याच्या मातृभूमीत त्याचा संघ बेकायदा ठरला होता. १९५५ साली मुंबईतच त्यांचा अंत झाला.

मग १९३६. जुलैमध्ये फ्रँको आणि इतर सेनापतींनी बंड केले आणि प्रजासत्ताकाच्या बाजूच्या प्रदेशात धर्मगुरूंची शिकार सुरू झाली. अँतोनियो मोंतेरो यांनी १९६१ साली नावानिशी जी गणना प्रसिद्ध केली, तीत ६,८३२ जण आहेत. बिशप, धर्मगुरू, व्रतस्थ, सेमिनरीचे विद्यार्थी आणि २८३ धर्मभगिनी. यांपैकी बहुतेकांचे मरण पहिल्या काही महिन्यांतले.

या गणनेत कुणी स्वतः गळ्यात दोर घातलेला नाही. त्यांना मारण्यात आले. आणि चित्रपटात येऊ घातलेल्या त्या संहाराची ‘सूचना’ म्हणून काय दाखवले आहे, तर स्वतःच्या हाताने मेलेला धर्मगुरू. नवा काळ आला, जुन्या धर्माचा पुजारी निराश झाला, त्याने आपणहून जागा रिकामी केली. कुणावर आळ नाही, कुणाच्या हाताला रक्त नाही. सुखी मंडळींना अमेरिकेची बोट गाठायला वाट मोकळी. खुनाची आत्महत्या करून दाखवायची आणि वर तिला खिन्नता म्हणायचे, ही हातचलाखी आहे. ती प्रेमळपणे केली आहे म्हणून ती कमी ठरत नाही.

आरागोन प्रांतातील बार्बास्त्रो हे लहान शहर. तिथे क्लॅरेशियन संघाचे विद्यालय होते. २० जुलै १९३६ रोजी त्याला वेढा पडला. तिघा वरिष्ठांना तुरुंगात टाकले, बाकीच्यांना दुसऱ्या एका संघाच्या शाळेतल्या सभागृहात कोंडले. बहुतेक सगळे पंचविशीच्या आतले, गुरुदीक्षेच्या उंबरठ्यावरचे. प्रार्थना करायला मनाई होती. कॅसॉक उतरवा आणि मोकळे व्हा, असे त्यांना पुन्हा पुन्हा सांगण्यात आले. स्त्रियांना त्या सभागृहात सोडून त्यांना डळमळवण्याचा प्रयत्न झाला, अशीही साक्ष आहे. सेमिनरीत शिकलेला तरुण आणि त्याच्यापुढे येणाऱ्या स्त्रिया, ही कथा वाचकांना ओळखीची वाटत असेल. फक्त इथे सुगी नव्हती आणि द्राक्षारसही नव्हता. त्यांच्यातले दोघे अर्जेंटिनाचे नागरिक म्हणून सुटले आणि जगाला हकिगत कळली. उरलेल्यांनी मरणापूर्वी संघाला जो निरोप लिहिला तो चॉकलेटच्या वेष्टनावर, कारण दुसरा कागद नव्हता. त्याखाली चाळीस सह्या आहेत. २ ऑगस्टला तिघे, १२ ला सहा, १३ ला वीस, १५ ला, म्हणजे मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या दिवशी, आणखी वीस आणि १८ ला शेवटचे दोघे. एकूण एक्कावन्न. त्यांचे बिशप फ्लोरेंतिनो आसेन्सिओ ९ तारखेलाच गेले होते. त्याच शहरात, त्याच महिन्यात, सेफेरिनो हिमेनेस मायया नावाचा एक जिप्सी व्यापारी गोळी खाऊन मेला. रस्त्यात एका धर्मगुरूला ओढत नेत असताना तो मध्ये पडला होता आणि त्याच्या खिशात रोझरी सापडली होती.

या एक्कावन्न जणांना पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये धन्यवादित घोषित केले तो दिवस २५ ऑक्टोबर १९९२. ‘बेल एपोक’ स्पेनच्या चित्रपटगृहांत आला तो त्याच वर्षीच्या डिसेंबरात. ट्रुएबांनी मुद्दाम असे केले, असे मी म्हणत नाही. चित्रपट आधीच तयार झालेला असणार. पण एकाच देशात, एकाच वर्षाच्या शेवटी, सेमिनरीच्या तरुणांच्या दोन कथा समोर आल्या, आणि ऑस्करला कोणती गेली हे आपल्याला ठाऊक आहे.

इथवर वाचून पहिला पक्ष खूश झाला असेल, तर त्यांनी जरा थांबावे.

या हुतात्म्यांचे झेंडे करून मिरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. स्पेनमध्ये तसे मिरवले गेले आणि त्याची किंमत तिथली ख्रिस्तसभा अजून मोजते आहे. १ जुलै १९३७ च्या सामूहिक पत्राने बिशपांनी बंडखोर सेनापतींच्या बाजूने जगापुढे साक्ष दिली. तारागोनाचे कार्डिनल विदाल इ बाराकेर यांनी त्यावर सही केली नाही. ते स्वतः मरता मरता वाचले होते. त्यांचे सहायक बिशप मारले गेले होते. तरीही त्यांनी सही केली नाही, आणि १९४३ साली परदेशातच त्यांनी प्राण सोडला. बास्क प्रदेशात डझनाहून अधिक धर्मगुरूंना फ्रँकोच्याच सैनिकांनी गोळ्या घातल्या. त्यांच्यासाठी त्या वेळी घंटा वाजल्या नाहीत. पुढची जवळपास चाळीस वर्षे हुकूमशहा चर्चमध्ये छत्राखाली चालत येत होता. १९७१ साली बिशप आणि धर्मगुरूंच्या संयुक्त सभेत एक ठराव मांडला गेला: बंधूंनी बंधूंना मारले तेव्हा आपण सलोख्याचे सेवक झालो नाही, याबद्दल क्षमा मागावी. बाजूने मते जास्त पडली, पण आवश्यक दोन तृतीयांश पडली नाहीत. हा ठराव संमत झाला असता तर आस्कोनांनी दोन लुईसला कदाचित वेगळे मरण दिले असते. निदान मला असे वाटते, आणि ते सिद्ध करता येणार नाही हेही मला ठाऊक आहे.

आता त्या हातातल्या पुस्तकाविषयी. सेमिनरीत असताना उनामुनो मी इंग्रजी भाषांतरातून वाचला. त्याच्या दोन ग्रंथांना १९५७ साली रोमने निषिद्ध यादीत घातले होते. ती यादी १९६६ साली रद्द झाली, म्हणून आमच्या वाचनालयात तो उघड्या कपाटात होता. ‘जीवनाची शोकात्म जाणीव’ हा निराशेचा ग्रंथ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी तो वाचलेला नाही. बुद्धी ‘नाही’ म्हणते आणि जीव ‘हो’ म्हणतो, त्या दोघांच्या झुंजीतच जगत राहावे, असे तो माणूस सांगतो. त्यात दोर कुठे आहे?

पण याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. चित्रपट ज्या १९३१ सालात घडतो त्याच साली उनामुनोची ‘सान मानुएल बुएनो, मार्तिर’ ही छोटी कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायकही खेड्यातला धर्मगुरू. मरणोत्तर जीवनावर त्याचा विश्वास उरलेला नाही, आत्महत्येचा मोह त्याला जन्मभर पोखरतो, आणि तरीही तो लोकांना सोडून जात नाही. आजाऱ्यांजवळ बसतो, नाचात ढोल वाजवतो, आणि अखेर चर्चमध्ये आपल्या माणसांच्या गराड्यात देह ठेवतो. त्या कादंबरीत एक छोटा प्रसंग आहे. आत्महत्या केलेल्या मुलाला पवित्र भूमीत पुरता येईल का, असे त्याचा बाप विचारतो. त्या काळी १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे, जाणूनबुजून जीव दिलेल्याला, पश्चात्तापाची खूण नसेल तर, ख्रिस्ती दफन नाकारले जात असे. दोन मानुएल ‘हो’ म्हणतो. शेवटच्या क्षणी त्याला पश्चात्ताप झालाच असणार, असे तो बापाला सांगतो.

उनामुनोने १९३१ साली आत्महत्या केलेल्याला पवित्र भूमीत जागा दिली. ट्रुएबा आणि आस्कोना यांनी उनामुनो हातात देऊन धर्मगुरूला लटकवले आणि त्याला कुणी पुरले हा प्रश्नसुद्धा विचारला नाही. पत्ते खेळणाऱ्या मित्रांपैकी त्याला खाली कुणी घेतले? मिस्सा कुणी केली? मानोलो तर त्याचा जिवलग. त्याने काय केले? चित्रपटाला यात रस नाही. देवावर विश्वास नाही म्हणून मी त्यांना दोष देत नाही. मित्रावरही विश्वास नाही, हे मला खटकते.

माझ्या पंचवीस वर्षांच्या सेवेत एका घराच्या दाराशी मी असा उभा राहिलो आहे. पावसाळ्यातली पहाट होती. ओसरीत पंचवीस वर्षांचा मुलगा चादरीखाली होता, आणि त्याचे आजोबा, रोज पहिल्या मिस्सेला येणारे, माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, “फादर, त्याला चर्चमध्ये आणता येईल ना?” जुने नियम त्यांच्या मनात अजून तसेच होते. १९८३ च्या धर्मसंहितेने ती मनाई काढून टाकली आहे, आणि १९९२ च्याच ऑक्टोबरात जाहीर झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात आत्महत्या केलेल्यांच्या तारणाविषयी निराश होऊ नये असे स्पष्ट लिहिले आहे. त्या वेळी यातले काहीही मला आठवले नाही. मी नुसते “हो, बाबा” म्हणालो. त्या मुलाच्या मिस्सेला चर्च भरले होते आणि कुणीही हसले नाही.

धर्मगुरूही गळफास घेऊ शकतो. तो एकटा असतो, दमतो, रविवारच्या गर्दीनंतर त्याच्या खोलीत नुसता पंखा फिरत असतो. स्पेनमध्ये १९३१ साली तसा एखादा नसेलच असे मी कशाला म्हणू? तशा माणसाची खरी कहाणी कुणी मांडली असती तर मी ती माझ्या खर्चाने दाखवली असती. या चित्रपटात ती नाही. इतिहासात ज्यांना मारले गेले तेही इथे नाहीत, आणि जे खरोखर खचले तेही नाहीत. दोघांच्या जागी एक मजेशीर बाहुले टांगलेले आहे.

तरीही तरुण मंडळाला मी चित्रपट परत मागितला आहे. येत्या १५ ऑगस्टला, संध्याकाळच्या मिस्सेनंतर, तो पुन्हा दाखवायचा. ज्यांनी तक्रार केली त्यांनी यावे, ज्यांनी मला हसायला सांगितले त्यांनीही यावे. शेवटचे दृश्य संपले की दिवे लावायचे नाहीत. बार्बास्त्रोच्या एक्कावन्न जणांची नावे आणि वये वाचायची आहेत. त्या दोघा मिस्सासेवकांनी ते काम अंगावर घेतले आहे. स्पॅनिश उच्चार त्यांच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून रोज संध्याकाळी क्रिकेट आटोपून ते माझ्या व्हरांड्यात येऊन सराव करतात. काल पंधराव्या नावापर्यंत पोहोचले होते.